गोल्फच्या हिरवळीत हरवलेली लढाई

पानिपतची जखम प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण मराठ्यांच्या हातून दिल्ली कायमची निसटली ती ज्या मैदानावर, ते मैदान आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे, हे दिल्लीतल्या मराठी कुटुंबांनाही सहसा माहीत नसते.

"मावशी, आज गोल्फ बघायला जायचंय ना?" सकाळी सहा वाजता माझा भाचा बूट घालून तयार होता. एरवी शाळेसाठी त्याला उठवता उठवता ताईचा घसा बसतो.

"गोल्फ नाही रे, लढाई बघायला जायचंय."

"तिथे कुठली लढाई? तिथे तर अंकल लोक खेळतात."

अकरा वर्षांच्या मुलाचे उत्तर चुकीचे नव्हते. माझी मावसबहीण आणि भावोजी नोएडात राहायला येऊन चौदा वर्षे झाली. त्यांच्या घरापासून सेक्टर ३८ चे हे गोल्फ कोर्स हाकेच्या अंतरावर आहे. रोज ऑफिसला जाताना भावोजी त्याच्या भिंतीवरून जातात. पण त्या भिंतीआड मराठ्यांच्या इतिहासातली एक मोठी लढाई झाली आणि तिचे स्मारक आत उभे आहे, हे मी फोनवर सांगितले तेव्हा ते हसले. "अहो, आमच्या सोसायटीच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला दीडशे माणसे जमतात. कुणीतरी बोलले असतेच की!"

कुणी बोलले नव्हते, एवढे खरे.

गोल्फ कोर्स सभासदांसाठी असते. त्यामुळे आत जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते किंवा कुणी सभासद बरोबर असावा लागतो. भावोजींच्या ऑफिसातले एक वरिष्ठ सहकारी तिथे नियमित खेळतात. ते मूळचे अवधमधल्या सुलतानपूरचे. त्यांनी आनंदाने आम्हाला नेण्याचे कबूल केले, पण फाटकाशीच हळूच म्हणाले, "बहनजी, मी बारा वर्षे इथे खेळतोय. तो खांब रोज दिसतो. कसला आहे, ते मात्र कधी वाचले नाही."

सकाळच्या कोवळ्या उन्हात हिरवळ ओली होती. मोर चालत होते. दुरून चेंडू मारल्याचा टक्क आवाज येई आणि आमचे यजमान हाताने आम्हाला थांबवत. चेंडू लागला तर डोके फुटू शकते, म्हणून या मैदानात एकट्याने भटकायचे नाही, हा पहिला नियम. मग झाडांच्या आडून तो खांब दिसला. चौथऱ्यावर उभा, शांत, कुणाचे लक्ष नसलेला. भाच्याने पळत जाऊन त्याला हात लावला.

खांबावरचा मजकूर इंग्रजीत आहे. अर्थ असा की, या जागेच्या जवळ ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीची लढाई झाली. तीत लुई बोर्किन याच्या हाताखालच्या मराठ्यांच्या फौजेचा जनरल जेरार्ड लेक याच्या इंग्रजी सैन्याने पराभव केला. खांब १९१६ मधला आहे, म्हणजे लढाईनंतर तब्बल ११३ वर्षांनी उभारलेला. १९११ मध्ये दिल्लीला राजधानी आणण्याची घोषणा झाली होती. नव्या राजधानीच्या मालकांना आपण ही दिल्ली कुणाकडून घेतली, याची खूण जमिनीवर रोवावीशी वाटली असेल, असे मला वाटते. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, पण त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांसाठी लढणाऱ्या मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियातल्या कुट या गावी वेढ्यात अडकून उपाशी मरत होते. इकडे त्यांच्या पूर्वजांवरच्या विजयाचा खांब, तिकडे त्यांच्याच रक्ताची मागणी!

त्या दिवशी काय झाले?

खांबाजवळच्या सावलीत बसून मी भाच्याला ती लढाई सांगितली. आमचे सुलतानपूरचे यजमानही काठी बाजूला ठेवून ऐकत होते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पानिपतनंतर मराठे उत्तरेतून संपले, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. महादजी शिंद्यांनी पुन्हा उत्तरेत पाय रोवले. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने त्यांना वकील-इ-मुतलक केले, म्हणजे बादशाहीचा सगळा कारभार त्यांच्या हाती आला. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून त्याच बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवली आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. तेव्हापासून पंधरा वर्षे दिल्ली शिंद्यांच्या ताब्यात होती.

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्या जागी आलेल्या दौलतराव शिंद्यांचे वय तेव्हा अवघे पंधराच्या आसपास. इकडे होळकर आणि शिंदे एकमेकांच्या उरावर बसले होते. पुणे सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला आणि स्वतःच्या गळ्यात त्यांचा दोर अडकवून घेतला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. दक्षिणेत आर्थर वेलस्ली आणि उत्तरेत लेक, अशी इंग्रजांची दुहेरी चाल होती.

लेकने ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला घेतला. तिथून तो दिल्लीकडे निघाला. ११ सप्टेंबरला पहाटे तीन वाजल्यापासून त्याचे सैन्य चालत होते. दुपार होत आली तेव्हा ते हिंडण नदीजवळ पोचले. उन्हाने माणसे कोसळत होती. तंबू ठोकायला सुरुवात झाली आणि समोर शत्रूचे स्वार दिसले. लेक घोडदळ घेऊन पाहायला पुढे गेला तो थेट तोफांच्या माऱ्यात सापडला. शिंद्यांच्या कंपूंनी उंचवट्यावर जागा धरली होती. दोन्ही बाजूंना दलदल आणि पुढे उंच गवतात लपवलेल्या तोफा!

"मग इंग्रज हरले?" भाच्याने विचारले.

"हरायलाच हवे होते."

इंग्रजी वृत्तांतांप्रमाणे त्यांच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती, समोर एकोणीस हजार. अशा आकड्यांत विजेत्याचा हात थोडा सैल सुटतो, हे धरूनही समोरची फौज बरीच मोठी होती, यात शंका नाही. पायदळ मागून येईपर्यंत तासभर लेकचे घोडदळ मार खात उभे राहिले. त्याच्या स्वतःच्या अंगाखालचा घोडा मारला गेला. मग त्याने एक हुकूम दिला. घोडदळाने पाठ फिरवायची आणि माघार घेत असल्याचे दाखवायचे.

आणि शिंद्यांची फौज फसली. शत्रू पळाला, अशा समजुतीने ती आपली भक्कम जागा सोडून, आरोळ्या ठोकत खाली उतरली. घोडदळ मधोमध दुभंगले आणि त्या फटीतून इंग्रजांचे पायदळ पुढे सरकले. शंभर पावलांच्या आत येईपर्यंत गोळी झाडायची नाही, मग एक फैर आणि संगिनी. पुढचा भाग कत्तलीचा आहे. मागे यमुना होती. कित्येक जण तिच्यात बुडाले. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांची मेलेली आणि जखमी माणसे साडेचारशेच्या वर होती. आपल्याकडची हजारोंनी होती, पण त्यांची धड मोजदादसुद्धा झाली नाही.

ही लढाई पटपडगंजची लढाई म्हणूनही ओळखली जाते. पटपडगंज आता पूर्व दिल्लीत उंच इमारतींच्या सोसायट्यांसाठी प्रसिद्ध आहे. यमुनेनेही तेव्हापासून आपले पात्र बदलले आहे. त्यामुळे आज या हिरवळीवर उभे राहून दलदल कुठे, उंचवटा कुठे, नदी कुठे, हे डोळ्यांपुढे आणणे अवघड जाते. नोएडा हे शहरच मुळी १९७६ चे. शेते, छलेरासारखी गावे आणि पुराची जमीन यांवर ते सेक्टर पाडून वसवले गेले. जमिनीचा चेहरा इतका बदलला की, तो खांब नसता तर जागाही सापडली नसती.

आपण कुठल्या बाजूला?

"आपण म्हणजे मराठे ना? मग तो बोर्किन कोण?" भाच्याचा पुढचा प्रश्न. मला हा प्रश्न येईल, अशी धास्ती होतीच.

बोर्किन फ्रेंच होता. महादजींनी डी बॉइन नावाच्या सॅव्हॉयच्या सैनिकाला नोकरीत घेऊन युरोपी पद्धतीची कवायती पायदळे उभी केली. हेच ते कंपू. डी बॉइननंतर पेरॉन आला. १८०३ मध्ये ऐन वेळी पेरॉनने शिंद्यांची साथ सोडली आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्यांच्या सैन्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही कंपनी सरकारने जाहीरनामा काढून फोडले होते. उरलेल्यांत बोर्किन होता. लढाईनंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, तोही आपल्या काही अधिकाऱ्यांसह इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पैशांसाठी आलेले अधिकारी हिशेब पाहून निघून गेले. बंदुका धरणारे शिपाई मात्र मैदानात मेले.

आणि हे शिपाई कोण होते? पुण्या-साताऱ्याचे मराठे त्यांत फार नव्हते. कंपूंची भरती उत्तरेतच होत असे. अवध, रोहिलखंड, दोआब इथले राजपूत, ब्राह्मण, मुसलमान अशी ती फौज होती.

आमचे यजमान एकदम ताठ झाले. "अवध? म्हणजे आमच्याकडचे?"

"हो. आणि पलीकडच्या बाजूलाही तेच. लेकच्या सैन्यात गोऱ्यांची पायदळ पलटण एकच होती, ७६ वी. गोरे स्वारही एका रेजिमेंटचे. बाकी सगळी बंगाल आर्मीची देशी पलटणी आणि देशी रिसाले. त्यांची भरतीही अवध आणि बिहारमधूनच व्हायची."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी कुणाचा भाऊ इकडे असेल, कुणाचा तिकडे."

मी येथवर आले होते ती मराठ्यांची लढाई पाहायला. सुलतानपूरच्या या गृहस्थांना तोवर ती परक्यांची वाटत होती. दोघांचेही चुकलेच होते. इंग्रजांनी या विजयाबद्दल देशी पलटणींना सन्माननिशाणे दिली, पलटणींच्या मानचिन्हांत 'दिल्ली १८०३' हा सन्मान नोंदला गेला. स्वतंत्र भारताच्या सैन्याने मात्र भारतीयांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान अप्रिय मानून साजरे करण्याचे बंद केले. योग्यच केले. पण सन्मान बाजूला ठेवताना त्या लढाईतली माणसेही विस्मरणात ढकलायची का, हा प्रश्न उरतो. खांबावर लेकचे नाव आहे, बोर्किनचे आहे. ज्यांनी तोफा ओढल्या, त्यांच्यातल्या एकाचेही नाही.

दिल्लीत पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात शाह आलमला भेटला. फाटक्या छत्राखाली बसलेला आंधळा, म्हातारा बादशहा पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनाही वाईट वाटले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पटपडगंजच्या लढाईनंतर बारा दिवसांनी दक्षिणेत, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला शिंदे-भोसल्यांचा दुसरा मोठा पराभव झाला. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला शिंद्यांच्या उरल्यासुरल्या पलटणी लढल्या. अधिकारी पळून गेलेले असतानाही त्या अशा लढल्या की, स्वतः लेकने त्यांच्या शौर्याची तारीफ केली. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दोआब इंग्रजांकडे गेला. पुढच्या वर्षी, १८०४ च्या ऑक्टोबरात, यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घातला खरा, पण तो यशस्वी झाला नाही. त्यानंतर मराठी फौज दिल्लीत सत्ता गाजवायला पुन्हा आली नाही.

मग पानिपतला

भाच्याचा हट्ट होता की, "खांब एकटाच आहे, म्युझियम नाही, मजा नाही." त्याचे म्हणणे मला पटले. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पानिपतला गेलो. ताईने पोळीभाजीचा डबा घेतला, भावोजींनी सुटी काढली. दिल्लीपासून पानिपत नव्वदेक किलोमीटरवर आहे. हमरस्ता चांगला आहे, पण दिल्लीतून बाहेर पडेपर्यंतच निम्मा वेळ जातो.

शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संक्रांतीला सदाशिवरावभाऊंची आणि अहमदशाह अब्दालीची लढाई झाली ती या परिसरात. इथे एक आंब्याचे झाड होते, रक्ताने जमीन भिजून त्याची पाने काळी पडली, अशी लोककथा आहे. झाड केव्हाच गेले. आज लोखंडी कुंपणाच्या आत बाग आहे आणि विटांचे एक स्मारक, त्यात लोखंडी सळी. लोक जोडे काढून आत जातात. आम्ही गेलो तेव्हा नाशिकहून आलेली एक बस उभी होती. त्यातल्या एक आजी स्मारकाजवळची माती कागदात बांधून घेत होत्या. "घरच्या तुळशीत घालणार," म्हणाल्या. त्यांच्या गावात संक्रांतीला अजूनही काही घरांत गोडधोड करत नाहीत म्हणे.

हा फरक मला तिथे उभे राहून फार जाणवला. सव्वा लाख बांगडी फुटली, असे आपण पानिपतबद्दल पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की, त्याचे 'पानिपत झाले' म्हणतो. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी आली, ती घराघरांत वाचली गेली. हरियाणातला रोड समाज आपले मूळ पानिपतच्या मराठ्यांत शोधतो आणि १४ जानेवारीला इथे मोठा मेळावा भरतो. त्या मुळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या लोकांची भावना खोटी नाही. पटपडगंजसाठी मात्र ना एक म्हण, ना कादंबरी, ना कुणाची संक्रांत.

असे का? मला वाटते, पानिपतात आपली घरे गेली. प्रत्येक वाड्यातला कुणीतरी तिथे होता, बायकामुलेही होती. पटपडगंजला मेले ते दूरच्या गावांतले पगारी शिपाई. त्यांच्यासाठी पुण्यात कोण रडणार? आणि ज्यांच्या घरांत रडणे झाले असेल, त्यांना हे मराठ्यांचे युद्ध म्हणून शिकवलेच गेले नाही. शिवाय पानिपतात आपण लढून हरलो, म्हणून मान वर ठेवून ते सांगता येते. १८०३ ची गोष्ट सांगायची तर भाऊबंदकी, वसईचा तह, भाड्याचे सेनापती हे सगळेच सांगावे लागते.

पानिपत शहरातले संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. पानिपतच्या तिन्ही लढायांची (१५२६, १५५६ आणि १७६१) माहिती, नकाशे, चित्रे, शस्त्रे, शिलालेख, मूर्ती, जुनी भांडी असे बरेच काही तिथे आहे. भाचा तलवारींसमोर अर्धा तास उभा होता. मला मात्र नकाशे आवडले. अब्दाली कुठे, भाऊ कुठे, पाणी कुठे, रसद कुठून येणार होती आणि कुठे तुटली, हे एका नजरेत कळते. नोएडाच्या खांबाजवळ असा एकच नकाशा आणि हिंदी-मराठीत चार ओळींचा फलक लावला, तरी तिथे येणाऱ्याला किती कळेल! त्यासाठी कोट्यवधींचे स्मारक नको. दिल्लीत मराठी मंडळे पुष्कळ आहेत. २०२५ मध्ये तर तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पहिल्या बाजीरावाने १७३७ मध्ये दिल्लीवर धडक मारली, तेव्हा मोगल फौजेशी त्याची गाठ पडली ती तालकटोऱ्याजवळच. संमेलनात त्याची आठवण अभिमानाने निघाली. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या या खांबाकडेही मंडळांनी एक सहल न्यावी.

जाणार असाल तर

नोएडाला मेट्रोच्या ब्लू लाइनने जावे. 'गोल्फ कोर्स' नावाचेच स्टेशन आहे आणि त्याच्या आधी 'बोटॅनिकल गार्डन'. तिथून रिक्षा मिळते. मात्र आत जाण्याची परवानगी आधी काढून ठेवावी आणि खेळ चालू असताना बरोबर माहीतगार माणूस असावा. पानिपतला काश्मिरी गेटच्या बसअड्ड्यावरून हरियाणा रोडवेजच्या बसगाड्या आहेत, नवी दिल्लीहून रेल्वेगाड्याही. काला अंबला जायला पानिपतहून वाहन करावे लागते. जानेवारीत धुक्यामुळे रस्ता आणि रेल्वे दोन्ही रखडतात, फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. संग्रहालयाच्या सुटीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा, नाहीतर बंद दारासमोर फोटो काढून परत यावे लागते.

परत आलो त्या रात्री भाचा वहीत काहीतरी काढत बसला होता. मध्ये खांब, एका बाजूला तोफा, दुसऱ्या बाजूला घोडे. दोन्हीकडच्या शिपायांना त्याने एकाच रंगाचे पागोटे दिले होते.

"निळा रंग संपला का रे?" ताईने विचारले.

"नाही गं आई. ते सगळे एकाच गावचे होते ना!"

सकाळी गोल्फवाल्या यजमानांचा फोन आला. आपल्या वडिलांना त्यांनी सुलतानपूरला फोन करून घराण्यात कुणी पलटणीत होते का, असे विचारले होते. वडिलांना पणजोबांच्या पलीकडचे आठवत नव्हते. पण येत्या रविवारी ते खेळायला जातील तेव्हा आपल्या दोन्ही मुलींना बरोबर नेणार आहेत, खांब दाखवायला. लेक आणि बोर्किनबद्दल सांगितलेले त्यांनी लिहून घेतले होते, ती स्पेलिंगे मला पुन्हा एकदा फोनवर सांगावी लागली.